आन्तेचे खिसे

सेडुना गाव सोडल्यापासून क्लाइव्ह पॅस्कोला त्या म्हाताऱ्याचा वैताग आला होता, आणि खरं सांगायचं तर वैतागण्यासारखं म्हाताऱ्याने काही केलेलं नव्हतं. तो फक्त फार बोलायचा. गोल्फचा फटका मारण्यापूर्वी बोलायचा, मारताना बोलायचा, आणि बॉल झुडपात गेला की त्या बॉलशीही बोलायचा.

आन्ते मारुशिच त्याचं नाव. तरुणपणी क्रोएशियातल्या कुठल्याशा बेटावरून आला आणि उभा जन्म पोर्ट लिंकन बंदरात ट्यूना मासे पकडणाऱ्या बोटींवर काढला. बायको गेल्यावर घरात करमेना, म्हणून जुन्या निळ्या गाडीत गादी टाकून निघालेला. गोल्फच्या त्याच्याकडे तीनच स्टिक, त्याही नळाच्या प्लॅस्टिक पाइपात खोचलेल्या. दुसऱ्या होलवर तो आपणहून येऊन म्हणाला, "एकटाच आहे. तुमच्याबरोबर खेळलो तर चालेल ना?" क्लाइव्हने तोंड उघडायच्या आत त्याची बायको ग्लेनिस म्हणाली, "न चालायला काय झालं? या की!"

क्लाइव्हला ही सफर आपल्या पद्धतीने करायची होती. कडिनात त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि गावच्या गोल्फ क्लबाचा तो बरीच वर्षं कॅप्टन होता. यंदा दोन्ही सोडलं. निरोपाला क्लबाने बॉलचा एक डबा दिला होता, प्रत्येक बॉलवर निळ्या अक्षरांत 'कॅप्टन क्लाइव्ह पॅस्को'. हमरस्त्याच्या कडेने सांडलेला हा गोल्फ कोर्स खेळायचं त्याने कधीपासून मनात धरलं होतं. एक होल झाला की मागे कॅरव्हॅन जोडलेल्या गाडीत बसायचं, तास-दोन तास वाळवंट तुडवायचं, पुढच्या रोडहाऊसवर, म्हणजे पंप, जेवण आणि खोल्या असलेल्या थांब्यावर, उतरून दुसरा होल खेळायचा. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, आणि झेंड्याभोवती खोट्या गवताचा हिरवा तुकडा, मधे सगळं रानच. खारट झुडपं, चुनखडीचे दगड, वॉम्बॅट नावाच्या जनावराची बिळं आणि नाकातोंडात जाणाऱ्या माश्या.

आन्तेला नियम माहीत नव्हते, आणि माहीत करून घ्यायची घाईही नव्हती. बॉल बिळात गेला तर पायाने बाहेर काढायचा. क्लाइव्ह म्हणाला, "याला एक फटका दंड असतो." त्यावर आन्ते म्हणाला, "वॉम्बॅटला सांग. त्याने माझ्या वाटेत घर बांधलं." ग्लेनिस पोट धरून हसली. क्लाइव्ह हसला नाही. त्यात आन्तेचं नशीब असं की वेडावाकडा मारलेला बॉल दगडावर आपटून नेमका झेंड्याकडे उडायचा. हरेल त्याने दोन्ही गाड्यांच्या काचांवरचे किडे पुसायचे, अशी पैज आन्तेनेच लावली होती, आणि दर वेळी फडकं क्लाइव्हच्याच हातात येत होतं.

डिंगो टँकच्या रोडहाऊसवर नीट झोप मिळावी म्हणून सगळ्यांनी, आन्तेनेही, खोल्या घेतल्या होत्या. तिथला होल छोटा होता. क्लाइव्हकडे आता नाव छापलेला एकच बॉल उरला होता, बाकीचे रानाने खाल्ले होते. त्याने तोच लावला. आयुष्यात असे फटके थोडेच लागतात. बॉल सरळ वर गेला, वाऱ्यावर जरासा झुकला आणि झेंड्याच्या शेजारी अलगद टेकला. ग्लेनिसने टाळ्या वाजवल्या. आन्तेचा बॉल जवळच्या झुडपात पडला.

बुटात खडा गेला म्हणून क्लाइव्ह बूट काढायला वाकला. आन्ते लांब ढांगा टाकत पुढे गेला, ग्लेनिस अंघोळीला खोलीकडे वळली. क्लाइव्ह झेंड्यापाशी पोहोचला तर हिरवा तुकडा रिकामा, आणि आन्ते झुडपांत वाकून काहीतरी शोधतोय.

"माझा बॉल कुठाय?"

"इथंच तर पडला होता," आन्ते म्हणाला. "वाऱ्याने गेला असेल. काय वारं सुटलंय! एकदा बोटीवर असंच वारं..."

क्लाइव्ह गोष्ट ऐकायला थांबला नाही.

रोडहाऊसच्या जेवणघरात दुपारची गर्दी होती. दोनचार ट्रकवाले, कॅरव्हॅनमधून फिरणारी म्हातारी जोडपी, काउंटरवर नव्यानेच कामाला लागलेली एक आयरिश मुलगी. क्लाइव्ह खिडकीजवळ बसून आतल्या आत धुमसत होता. तेवढ्यात आन्ते आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आज पण काचा कॅप्टनच पुसणार! बॉल हरवला म्हणजे होल हरला!"

लोक हसले. साधं, भुकेच्या वेळचं हसू होतं ते. पण क्लाइव्हच्या डोक्यात तिडीक गेली. तो उठून उभा राहिला.

"बॉल हरवला नाही," तो म्हणाला. "तुझ्या खिशात आहे."

आन्तेला आधी गंमत वाटली. "माझ्या खिशात?"

"तूच पुढे गेला होतास. दुसरं कोण होतं तिथे? पहिल्यापासून बघतोय मी, पायाने बॉल ढकलतोस, वाटेल ते करतोस. तुझ्यासारख्यांना कशाचीच..." तो थांबला. पुढचा शब्द बाहेर पडला नाही, पण सगळ्यांनी तो ऐकल्यासारखाच होता.

"माझ्यासारख्यांना?" आन्तेने शांतपणे विचारलं.

"खिसे दाखव," क्लाइव्ह म्हणाला.

नेमक्या त्या क्षणी त्याची नजर खिडकीबाहेर गेली. पाण्याच्या टाकीच्या कडेवर एक कावळा बसला होता. चोचीत काहीतरी पांढरं, गोल. कावळ्याने मान वाकडी केली, ते पांढरं टाकीवर ठेवलं, पुन्हा उचललं आणि उडून गेला. उन्हात ती निळी अक्षरंसुद्धा चमकल्यासारखी वाटली.

तोंड उघडायला एवढा क्षण पुरेसा होता. 'अरे, थांब, चुकलो, तो बघ कावळा!' एवढं म्हटलं असतं तर सगळं जेवणघर खो खो हसलं असतं, आणि क्लाइव्हची तासाभराची फजिती होऊन विषय संपला असता. पण तीच फजिती त्याला नको होती. सगळ्यांसमोर एवढ्या तोऱ्यात उभा राहिलेला माणूस आता कावळ्याकडे बोट दाखवणार? तो खिडकीकडे पाठ करून उभा राहिला.

आणि आन्तेने खिसे उलटे केले. रुमाल, चाव्या, औषधाची पट्टी, पेपरमिंटच्या गोळ्या. मग तो बाहेर जाऊन गाडीतली पिशवी घेऊन आला आणि टेबलावर पालथी केली. शिळा पाव, सार्डिनचा डबा, भोकं पडलेले मोजे, आतले कपडे. एक बायकी कंगवाही होता, त्यात अजून केस अडकलेले. तो त्याने लगबगीने पुन्हा आत टाकला. स्पॅनर नावाने ओळखला जाणारा एक धिप्पाड ट्रकवाला ओरडला, "बूट पण काढ म्हाताऱ्या! अंड्यासारखा तिथेच उबवत असशील!" काही जण हसले, काहींनी ताटात माना घातल्या.

बॉल निघाला नाही.

तेव्हा क्लाइव्ह जे बोलला ते त्याला पुढे झोपेतही ऐकू येत राहिलं. अगदी मोठ्या मनाच्या माणसासारखा तो म्हणाला, "जाऊ दे. एका बॉलसाठी कशाला वाद? मी विसरलो."

आन्तेने मोजे पिशवीत भरले. जेवण न घेताच तो बाहेर गेला.

ग्लेनिसला क्लाइव्हने एवढंच सांगितलं, की बॉलवरून थोडी बोलाचाली झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. मागून येणाऱ्या ट्रकना वाट देता यावी म्हणून गाडीत ट्रकवाल्यांशी बोलता येईल असा रेडिओ असायचा, चाळीस नंबरच्या चॅनेलवर लावलेला. त्यावर स्पॅनरचा आवाज आला, "पश्चिमेला जाणाऱ्यांनो, चमचे सांभाळा रे! निळ्या गाडीतला म्हातारा येतोय. गोल्फचे बॉल गिळतो!" दुसऱ्या कोणीतरी विचारलं, "चोर आहे काय?" "डिंगो टँकवर भर जेवणात धरला त्याला!"

"कोणाबद्दल बोलतायत हे?" ग्लेनिसने विचारलं.

"ट्रकवाल्यांचं काय ऐकतेस," क्लाइव्ह म्हणाला आणि आवाज कमी केला.

या रस्त्याची एक खोड आहे. त्याला गल्ली नाही, फाटा नाही, आडवाट नाही. ज्याच्यापासून तोंड लपवायचं तो पुढे तरी असतो नाहीतर मागे तरी, आणि पेट्रोलला दोघांनाही एकाच ठिकाणी थांबावं लागतं. सेव्हन पोस्टच्या रोडहाऊसला निळी गाडी पंपावर उभी होती. मालकीणबाई कमरेवर हात ठेवून आन्तेला म्हणत होती, "आधी पैसे, मग डिझेल. आणि आत काही घ्यायचं असेल तर पिशवी गाडीतच ठेवा, काका." एरवी आन्तेने तिला तीन गोष्टी सांगून हसवलं असतं. आज त्याने मुकाट्याने नोटा काढून दिल्या आणि कॅरव्हॅनकडे न बघता स्टिकांचा पाइप खांद्याला लावून एकटाच टीकडे गेला. फटका मारताना तो काहीही बोलला नाही. क्लाइव्हला वाटलं, याने बडबडावं. काहीही बडबडावं.

"आपण नाही खेळायचं?" ग्लेनिस म्हणाली.

"माश्या फार आहेत."

"माश्या सेडुनापासून आहेत, क्लाइव्ह."

त्याने गाडी चालू केली.

पुढे या वाळवंटातला सुप्रसिद्ध सरळ रस्ता लागला. वळण नाही, चढ नाही, समोर नुसती डांबराची पट्टी आणि तिच्या टोकाला थरथरणारं आभाळ. बघायला दुसरं काहीच नसलं की माणसाला स्वतःकडे बघावं लागतं. बराच वेळ गेल्यावर क्लाइव्ह म्हणाला, "ग्लेन, बॉल कावळ्याने नेला होता."

"मग सांगायचं ना त्या बिचाऱ्याला! कधी कळलं तुला?"

क्लाइव्ह रस्त्याकडेच बघत राहिला. ग्लेनिसने त्याच्याकडे वळून पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिला त्याचं गप्प राहणं वाचता येत होतं.

"तेव्हाच?" ती म्हणाली. "तिथेच? तो पिशवी उपडी करत होता तेव्हा?"

"त्याच्या आधी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मला का सांगतोस? मी काय त्याची आई आहे?" आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

लाइम वेल या पुढच्या मुक्कामाला आन्ते त्यांच्यानंतर, संध्याकाळी पोहोचला आणि गाडी पार टोकाला, कचऱ्याच्या पिंपांजवळ लावली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ग्लेनिस स्टिक घेऊन थेट त्याच्याकडे गेली. ती काय बोलली ते क्लाइव्हला ऐकू आलं नाही, पण दोघं खेळायला गेलेले त्याने पाहिले. तो बादली आणि फडकं घेऊन निळ्या गाडीपाशी गेला. काचेवर किड्यांचा थर साचला होता. त्याने ओलं करून, नखाने खरवडून काच पुसायला घेतली. तेवढंच आपल्याला जमेल असं त्याला वाटत होतं, आणि आन्ते यायच्या आत उरकून सटकावं असंही वाटत होतं.

"चोराच्या काचा पुसतोस?"

आन्ते मागे उभा होता. ग्लेनिस दूर टीजवळच थांबली होती.

"आन्ते, माझं चुकलं," क्लाइव्ह म्हणाला. "बॉल कावळ्याने नेला."

"ते तुझी बायको म्हणाली आत्ता. ठीक आहे. कावळा तो कावळा. तुला काय माहीत?"

इथेही सुटायला वाट होती. ग्लेनिसने पुढचं सांगितलेलं नव्हतं, ते तिने त्याच्यासाठी ठेवलं होतं. क्लाइव्हच्या हातातल्या फडक्यातून पाणी बुटांवर गळत होतं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "खिडकीतून दिसला मला. तू खिसे उलटे करायच्या आधी."

आन्तेला समजायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा हळूहळू काळवंडला.

"माझे मोजे टेबलावर होते तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"माझ्या बायकोचा, येलेनाचा कंगवा त्या लोकांनी बघितला तेव्हा?"

"हो. मला माफ कर, आन्ते."

"कुठे माफ करू? इथे?" आन्तेने दोन्ही हात पसरले. "कोण आहे इथे ऐकायला? ही पिंपं? या माश्या? चोर म्हणालास तेव्हा सगळं हॉटेल भरलं होतं. आणि माफी मागायला कचऱ्याजवळ येतोस, फडकं घेऊन!" त्याने क्लाइव्हच्या हातातून फडकं ओढलं आणि बादलीत फेकलं. "आयुष्यभर बोटीवर होतो मी. बोटीवर चोर म्हटलेल्या माणसाला कोणी दोर धरायला देत नाही. कळतं का तुला? काल त्या बाईने मला पिशवी बाहेर ठेवायला लावली."

तो गाडीत बसला आणि अर्धी पुसलेली काच घेऊन पश्चिमेला निघून गेला.

क्लाइव्ह बादलीजवळ उभा राहिला. ग्लेनिस आली.

"डिंगो टँकला जाऊन येतो," तो म्हणाला.

"मागे? सबंध दिवस जाईल."

"कॅरव्हॅन इथेच राहू दे. तू थांबशील?"

"थांबते," ती म्हणाली. जरा वेळाने तिने सँडविच गुंडाळून त्याच्या शेजारच्या सीटवर ठेवलं. त्या सकाळचा तेवढाच मऊपणा.

उगवत्या उन्हात डोळे बारीक करून क्लाइव्ह तोच सरळ रस्ता उलटा कापत होता. रेडिओचा माइक हातात घ्यायचा आणि परत ठेवायचा, असं कितीदा तरी झालं. क्लबाच्या सभांत तासन् तास बोललेला माणूस, पण आता बटण दाबवेना. शेवटी समोरून येणारा एक लांबलचक ट्रक दिसला, आणि त्याच्याकडे बघत त्याने बटण दाबलं.

"चाळीस नंबरवर जे कोणी असाल ते ऐका. माझं नाव क्लाइव्ह पॅस्को. निळ्या गाडीतल्या माणसाला डिंगो टँकवर चोर म्हणालो तो मी. त्याने काही घेतलेलं नाही. बॉल कावळ्याने नेला."

खरखर. मग एक आवाज, "कावळ्याला पोलिसात दिलं का?"

हशा पिकला. दुसरा म्हणाला, "एवढं सांगायला रेडिओ अडवून बसलास होय, आजोबा?"

क्लाइव्हने पुन्हा बटण दाबलं. "अजून आहे. कावळा मला दिसला होता. तेव्हाच दिसला होता. तरी मी त्याला सगळ्यांसमोर खिसे उलटे करू दिले. कारण मला माझी चूक कबूल करायची नव्हती. चोर तो नाही. आणि मी जो काही आहे त्याला काय म्हणतात ते तुम्ही ठरवा."

या वेळी कोणी हसलं नाही. मग स्पॅनरचा आवाज आला, कुठूनतरी लांबून, तुटक तुटक. "त्या म्हाताऱ्याला बूट काढ म्हणालो होतो मी." थोडं थांबून, "घाणेरडा माणूस आहेस तू, पॅस्को."

"हो," क्लाइव्ह म्हणाला.

डिंगो टँकला तो पोहोचला तेव्हा जेवणघरात बसमधून आलेले प्रवासी होते, त्या दिवसाचं कोणीच नव्हतं. फक्त काउंटरवरची आयरिश मुलगी आणि मागे स्वयंपाकी. क्लाइव्ह दोन टेबलांच्या मधे उभा राहिला आणि सगळं पहिल्यापासून बोलला. प्रवाशांनी चिप्स खाता खाता त्याच्याकडे पाहिलं. एका बाईने आपल्या पोराला जवळ ओढलं. बोलून झाल्यावर स्वयंपाक्याने झारा खाली ठेवला. "मग? टाळ्या वाजवू?"

"नको," क्लाइव्ह म्हणाला.

मुलगी मात्र रडवेली झाली होती. "तो गेल्यावर मी त्याच्या खोलीत जाऊन टॉवेल तपासले," ती म्हणाली. "चादर घडी घालून ठेवली होती त्याने. कोणी घालत नाही. तरी मी गादीखाली हात घालून बघितलं. तुमच्यामुळे."

क्लाइव्हला वाटलं होतं, इथवर येऊन बोललं की छातीवरचं ओझं उतरेल. पण त्या गादीखालच्या हाताची त्याला कल्पनाच नव्हती. असं आणखी कुठे कुठे काय झालं असेल, ते त्याला कधी कळणारही नव्हतं. तो मान खाली घालून बाहेर आला. परतीच्या वाटेवर सेव्हन पोस्टच्या मालकिणीलाही त्याने तेच सांगितलं. ती म्हणाली, "रेडिओवर ऐकलं मी," आणि त्याच्याकडून डिझेलचे पैसे आधी घेतले.

आन्ते पुन्हा भेटला तो थेट कालगुर्लीला, शेवटच्या होलवर. तिथे खरं गवत आहे. इतके दिवस माती बघितलेल्या डोळ्यांना ते हिरवं सहन होत नाही. तिथल्या क्लबाच्या व्हरांड्यात आन्ते दोन अनोळखी जोडप्यांना ट्यूनाची गोष्ट सांगत बसला होता, हातवारे करत, आवाज चढवत. त्याच्यासमोर बिअरचा ग्लास होता. ग्लेनिसला पाहून तो उठला, तिच्या गालाला गाल लावला.

"त्या स्पॅनरने बलाडोनिया रोडहाऊसच्या पुढे मला रस्त्यात अडवलं," तो तिला म्हणाला. "एवढा मोठा ट्रक आडवा घातला! मला वाटलं मारतोय. तर उतरून हात पुढे केला त्याने."

मग त्याने क्लाइव्हकडे पाहिलं. क्लाइव्ह पायरीखाली टोपी हातात घेऊन उभा होता. पाठ केलेलं सगळं तो विसरला.

"मी गेलो होतो तिथे," एवढंच त्याला म्हणता आलं.

"ऐकलं मी. माझ्याही गाडीत रेडिओ आहे." आन्तेचा आवाज सपाट होता. "तुझ्याशी मी बोलणार नाही, कॅप्टन. अजून नाही. कदाचित कधीच नाही, मला माहीत नाही. पण बायको उपाशी आहे तुझी. बस. जेवायला माझी ना नाही."

क्लाइव्ह टेबलाच्या टोकाला बसला. कोणीतरी त्याच्यापुढे ताट सरकवलं. ग्लेनिसने मीठ मागितलं, त्याने दिलं. आन्तेने गोष्ट जिथे सोडली होती तिथून उचलली. वारं सुटलेलं, जाळं भरलेलं, बोट एका अंगावर कललेली. ही गोष्ट क्लाइव्हने डिंगो टँकला अर्धी तोडली होती. आता तो मान वर न करता, घास चावत, ती शेवटपर्यंत ऐकत राहिला.